सासूबाई निघाल्या

गाडीची वेळ झाली म्हणून सासूबाई बॅग हातात घेऊनच शेडच्या दारात आल्या. इतके दिवस राहिल्या, पण इकडे फिरकल्या नव्हत्या. नर्स म्हणून अर्धं आयुष्य बाळंतपणाच्या वॉर्डात काढलेलं. जावयाने डुकरं पाळावीत हे काही त्यांच्या पचनी पडलं नव्हतं. आताही नाकाला रुमाल लावूनच त्या म्हणाल्या, "येते, जावईबापू."

जावई कसला उठतोय? डुकरीण व्यायला लागली होती. एक पिल्लू आडवं अडकलेलं आणि जावयाचा हात कोपरापर्यंत आत. त्याच्या आधीचं पिल्लू मागे भुशात पडलं होतं, निळसर, गप्प. तिथवर काही त्याचा दुसरा हात पोहोचेना.

"आई, तेवढं पिल्लू उचला, श्वास घेत नाहीये," तो म्हणाला. सासूबाईंना काम सांगायची ही त्याची पहिलीच वेळ. सांगून झाल्यावर त्याचा त्यालाच घाम फुटला.

मागे बॅग आपटल्याचा आवाज आला. सासूबाईंनी नाकावरच्याच रुमालाने पिल्लाचं तोंड पुसलं, आतला चिकटा काढला, डोकं खाली धरून पाठ खसाखसा चोळली. काही नाही. मग झाडूची एक काडी मोडून नाकपुडीत हळूच फिरवली. गेलं वाटतं, असं जावयाच्या मनात आलं.

पिल्लू शिंकलं. मग असं काही किंचाळलं की शेड दणाणून गेली.

"रडलं," सासूबाई म्हणाल्या. वॉर्डातही अशाच म्हणत असतील.

तेवढ्यात अडकलेलंही सुटलं. मग त्यांनी हुकूमच सोडायला सुरुवात केली. टॉवेल आण, याला दिव्याच्या उबेत सरकव, त्याला आधी चीक पाजायला हवा, बघत काय बसलास. अहो-जाहो कुठल्या कुठे पळालं. जावयाला इतका आनंद झाला की तो उगाचच दोन टॉवेल जास्त घेऊन आला.

बायको धापा टाकत आली तेव्हा तिची आई भुशात फतकल मारून बसली होती. त्या निळसर पिल्लाचं तोंड तिने दोन बोटांनी आचळाला लावून धरलं होतं, आणि ते चुटूचुटू पीत होतं.

"आई, गाडी गेली की तुझी," बायको दारातूनच ओरडली.

सासूबाईंनी वर पाहिलंसुद्धा नाही.

"हळू बोल गं," त्या म्हणाल्या. "बाळंतीण दमलीय."