सावत्र आईचा सिनेमा

परीकथेवरचा नवा सिनेमा पाहून आम्ही तिघी बाहेर पडलो, तेव्हा सासूबाई धुमसत होत्या. "मूळ गोष्टीतली सावत्र आई दुष्ट आहे. यांनी तिला चक्क मायाळू केलं! उद्या कंसमामालाही प्रेमळ करतील."

मी शाल्मलीची सावत्र आई. ती मला मावशी म्हणते. सोमवारच्या उपासात वाद नको म्हणून मी शाल्मलीचा हात धरून चालू लागले, पण कान तिच्याकडेच होते.

"खोटंच दाखवलंय गं आजी," ती म्हणाली. माझी पावलं मंदावली.

"इतकं गोड कोण बोलतं? मावशी तर वेणी घालताना केस ओढते. रामरक्षा चुकली की पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लावते!"

"बरोबरच करते," सासूबाई खुलल्या. "आईचा धाक हवाच!"

दोन वर्षांत या घरात मला कुणी आई म्हटलं, ते आज. शाल्मलीनंही हरकत घेतली नाही.