दहाच्या आत

उपांत्य सामना संपला तेव्हा निधीने टाळ्यांकडे पाहिलंही नाही. रॅकेट काखेत धरून ती सरळ आईकडे आली आणि बाटली तोंडाला लावली. गंधालीने तिच्या कपाळावरचे केस मागे सारत कोर्टाच्या पलीकडे पाहिलं. अंतिम सामन्यात निधीशी खेळणाऱ्या यज्ञेशचे बाबा हर्षद अण्णांच्या टेबलाशी उभे होते. हात जमिनीपासून वर, आणखी वर नेऊन ते काहीतरी दाखवत होते. निधीची उंची.

हे कधीतरी होणार, हे गंधालीला पहिल्या सामन्यापासून ठाऊक होतं.

बँकेतून निवृत्त झाल्यापासून अण्णा दर थंडीत बोरिवलीच्या या सोसायटीत टेनिस स्पर्धा भरवत. मुलांचा गट एकच. आठ पूर्ण झालेली आणि दहा न झालेली मुलं. त्याहून धाकट्यांसाठी बागेत लिंबू-चमचा. कागदपत्रं कोणी मागत नसे, आईवडील सांगतील ते वय. जिंकेल त्याला सकाळच्या बॅचमध्ये मोठ्या मुलांबरोबर शिकायला मिळायचं.

निधीला ती बॅच हवी होती. गंधालीला मात्र वेगळंच काही हवं होतं. चारकोपहून इथे राहायला आल्यापासून निधी गप्प झाली होती. शाळा अजून चारकोपचीच, त्यामुळे इथे ओळखीचं कोणी नाही. संध्याकाळी मुलं घोळक्याने खेळायची आणि ही एकटी भिंतीवर चेंडू मारत राहायची. स्पर्धा सुरू झाली आणि ती जेवताना बोलायला लागली. कोणाची सर्व्हिस कशी, कोण चिडतो, यज्ञेश किती छान खेळतो. गंधाली घास हातात धरून ऐकत बसायची.

अण्णांनी हाक मारली.

हर्षदचा आवाज चढलेला नव्हता. यज्ञेशला मार्चमध्ये दहा पूर्ण होणार होती, म्हणजे या गटातलं त्याचं हे शेवटचं वर्ष. हरला तर हरू दे, पण बरोबरीच्या मुलाकडून हरू दे, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

"राग मानू नका वहिनी, पण हिच्यासमोर माझा यज्ञेश बॉलबॉय वाटतो. ही अकराच्या खालची नाही."

"दहाचीसुद्धा नाही झालेली," गंधाली म्हणाली.

"मग कितवीत आहे? मघाशी तिलाच विचारलं, तर पळूनच गेली."

"ती कुणाशीच बोलत नाही हो."

हर्षदनी जन्मदाखला मागितला. तो कणकवलीला सासूबाईंकडे राहिलाय, असं गंधालीने सांगितलं. दाखला घरीच होता. सांगताना ती खाली वाकून निधीच्या बुटाची नाडी बांधत बसली. नाडी सुटलेली नव्हती. निधीची उंची बापावर गेलीय, सुबोध सहा फुटी आहे, हेही तिने सांगितलं. पण सुबोध ऑफिसच्या कामाला पुण्यात होता, त्यामुळे ते कोणाला पटल्यासारखं दिसलं नाही.

अण्णा पेचात पडले. मोठ्या मुलीला खेळवलं तर इतर मुलांवर अन्याय, आणि सांगितलेलं वय खरं असताना बाहेर काढलं तर हिच्यावर. तिने आपणहून माघार घेतली तर विषय इथेच मिटेल, असंही त्यांनी हळूच सुचवलं.

गंधालीने वळून पाहिलं. तेवढ्यात निधी नेटपाशी पोचली होती आणि यज्ञेशला रॅकेटची पकड दाखवत होती. बोलत होती. आपणहून.

"माघार नाही घेणार," गंधाली म्हणाली.

बाकावर सी विंगमधली श्वेता बसली होती. ती दातांची डॉक्टर. हर्षदनाच ते सुचलं. दातांवरून वय कळतं ना, मग बघू दे की तिला.

गंधाली पटकन म्हणाली, "चारचौघांत माझ्या मुलीचं तोंड उघडून बघायचं नाही."

हर्षदनी नुसतं अण्णांकडे पाहिलं, आणि अण्णांनी मान खाली घातली. पण निधीने ऐकलं होतं. ती धावत आली आणि श्वेतापुढे मोठा आ करून उभी राहिली.

श्वेताने मोबाइलचा टॉर्च लावून गंधालीच्या हातात दिला. गंधालीच्या हातातला उजेड दातांवरून इकडे तिकडे पळत होता. श्वेताने शेवटी तिचं मनगट धरून ठेवलं. मग ती बराच वेळ बघत राहिली. एकदा मान वर करून तिने गंधालीकडेही पाहिलं, आणि पुन्हा आत डोकावली.

"अण्णा, तुमचा प्रश्न नक्की काय आहे?"

"ही दहाच्या वर आहे का, एवढंच."

"नाही. दहाच्या आतच आहे, अगदी खात्रीने." श्वेताने टॉर्च बंद केला.

हर्षदनी दोन्ही हात जोडले. "सॉरी वहिनी. उगाच पोरीवर संशय घेतला. चला, सुरू करा."

अंतिम सामना अटीतटीचा झाला. निधी थोडक्यात जिंकली. यज्ञेशचे डोळे भरले होते, तरी तो नेटपाशी आला. हात मिळवताना निधीने त्याला विचारलं, "उद्या भिंतीवर खेळायला येशील?" तो हो म्हणाला. गंधालीला ते लांबूनही ऐकू आलं, आणि कितीतरी महिन्यांनी तिचे खांदे सैल झाले.

लिफ्टमध्ये श्वेताही शिरली. गंधालीने तिचे आभार मानले, पण नजर दारावरच ठेवली. श्वेता निधीकडे वाकली.

"दात छान आहेत हं तुझे. वाढदिवस कधी असतो गं?"

गंधालीने निधीचा खांदा दाबला. पण आज निधी सगळ्यांशीच बोलत होती.

"दिवाळीनंतर," ती बक्षिसाचा कप छातीशी धरून म्हणाली, "तेव्हा मला आठ पूर्ण होणार."