नव्या ॲम्प्लिफायरचा लख्ख आवाज

मेकॅनिकने आजोबांच्या थोराड स्पीकरांना नवा ॲम्प्लिफायर जोडून गाणं लावलं. आवाज कसा, आरशासारखा लख्ख!

आजीचं तोंड मात्र एवढंसं झालं. "गाण्याखालची गुणगुण कुठे गेली रे?"

"ती रेकॉर्डवर नाहीच, आजी. जुन्याची ताकद कमी पडायची, त्याची घरघर असेल."

"घरघर कसली! हे गेल्यापासून रोज ऐकतेय मी. बेसूर आहे, पण माझी आहे. जुनाच जोड बघू."

हसत हसत त्याने जुना जोडला आणि दोन्ही स्पीकरांचा आवाज नेमका जुळतो त्या मधल्या, आजोबांच्या खुर्चीत जाऊन बसला. गुणगुण आली, पार बेसूर. आजी खुदकन हसली.

गाणं चालूच राहिलं, गुणगुण तेवढी थांबली. मग स्पीकरमधून कुणीतरी हळूच म्हणालं, "अगं, त्याला दुसरी खुर्ची दे ना."