हिला गाडी लागते

"दोन लिंबं दे गो सकुबाय," हरेश जीपमधूनच ओरडला. "हिला गाडी लागते."

हिला म्हणजे रुपालीला, त्याच्या बायकोला. ती स्टिअरिंगवर बसली होती आणि तिला जन्मात कधी गाडी लागली नव्हती. लागायची ती हरेशला, दुसरं कोणी चालवत असलं की हमखास. पण चार गावांत दरारा असलेला गडी वळणावळणाला ओकतो, हे कळलं तर अब्रूचं खोबरं. म्हणून औषधाच्या दुकानात, वऱ्हाडात, ढाब्यावर तो बायकोचंच नाव पुढे करायचा. एका लग्नात ती खरं बोलून गेली, तर घरी आल्यावर तिचा एक दात गेला.

"आन् हिलाच चालवाया लावतोस व्हय रे?" सकुबाईने विचारलं. टोकावड्याच्या रस्त्यावर तिचा ढाबा होता.

"हातात गाडी असली का हिला ओकारी येत नाय. आन् माझा हात बघ ना."

त्याचा उजवा हात प्लॅस्टरमध्ये होता. ठोसा रुपालीच्या डोक्यावर यायचा होता. ती खाली वाकली आणि ठोसा दाराच्या चौकटीवर बसला. तो राग हरेशने डाव्या हाताने काढला, सहा वर्षांच्या दिपिकावर. पोरीच्या कपाळाला पाच टाके पडले. रुपालीने तिला शहापूरला आईकडे नेऊन ठेवलं.

"हात बरा होऊ दे. पोरीला फरफटत आणतो," हरेश रोज म्हणायचा. आज तो घाटापलीकडे ओतूरच्या हाडवैद्याकडे निघाला होता.

सकुबाईने लिंबं रुपालीच्या हातात दिली. "ऐक पोरी. तेलकट खायाचं नाय. मोबाइल बघायचा नाय. पुढं बसायचं, काच उघडी ठेवायची, लांब डोंगराकडं बघायचं."

"व्हय मावशी."

इतकं मन लावून तिने शाळेतही कोणाचं ऐकलं नव्हतं. मग तिने नवऱ्यासाठी भज्यांची प्लेट मागवली. त्याने ती चाटूनपुसून खाल्ली.

पुढच्या सीटवर वैद्याला द्यायचा तांदळाचा कट्टा होता. म्हणून हरेश मागच्या आडव्या बाकावर बसला होता. धूळ येते म्हणून रुपालीने काचा लावून घेतल्या.

वैशाखरे गाव मागे पडलं, घाट सुरू झाला. "तुमच्या भावानं कुस्तीचा व्हिडिओ पाठवलाय, बघा ना," ती म्हणाली. तो मान खाली घालून बघत बसला.

तिसऱ्या वळणाला त्याचा चेहरा हिरवट पडला. "सकाळी गोळी दिलीस ना गो?"

"दिली की."

तिने तापाची गोळी दिली होती. ओकारीची अजून तिच्या पोलक्यात होती.

"थांबव! थांबव, रांडे!" त्याने मागून तिच्या पाठीत लाथ घातली.

ती थांबली. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. हरेश धडपडत दरीकडच्या कठड्याशी गेला आणि कमरेतून वाकला. "धर गो मला!"

नेहमीसारखा तिने एक हात त्याच्या कपाळाला लावला, एक पाठीवर ठेवला. तिला दिपिकाचे टाके आठवले. तिने जीव खाऊन ढकललं.

तो सहजासहजी गेला नाही. त्याने डाव्या हाताने तिचे केस धरले, प्लॅस्टर तिच्या तोंडावर हाणलं. ओठ फुटला. तिने त्याच्या मनगटाला कडकडून चावा घेतला आणि छातीत गुडघा घातला. मूठभर केस घेऊनच तो खाली गेला. कातळावर आपटल्याचा आवाज दोनदा आला.

तिला भीती वाटली नाही. हलकं वाटलं, आणि तसं वाटल्याची लाजही वाटली नाही.

तासाभराने ती सकुबाईच्या ढाब्यावर होती. समोर फौजदार वही उघडून बसला होता. रडू मात्र खरंच येत होतं, थांबत नव्हतं.

"ओठ कसा फुटला?"

"त्यांना धरायला गेले तवा कठड्यावर आपटले, साहेब. लय मळमळत होतं त्यांना. ओकायला वाकले आन् तोल गेला. गाडी लागायची त्यांना."

फौजदाराने मान हलवली आणि लिहून घेतलं. "घाटात सांभाळायला हवं होतं," तो हळहळून म्हणाला.

आता पोरगी सुटली, रुपालीच्या मनात आलं. उद्या सकाळीच शहापूरला जायचं.

सकुबाई पाण्याचा तांब्या घेऊन आली. तिने पदराने रुपालीचं तोंड पुसलं, तिला पोटाशी धरलं आणि मायेनेच विचारलं, "अगो, पण गाडी तर तुला लागते ना?"