ओळखीची खूण

"डावा हात पुढे कर," मॅडम म्हणाल्या.

महिला शिपायाने हात पुढे केला. वरच्या कचेरीतून अचानक आलेल्या मॅडमची तपासणी सकाळी आठला सुरू झाली होती आणि आता दुपारचा एक वाजत आला होता. पोलीस ठाण्याच्या अंगणात अकरा जण ताठ उभे होते. तिच्या मनगटावर दोन महिने इमानेइतबारे बसलेला घड्याळाचा रुंद पट्टा नेमका आज येताना तुटला होता, आणि त्याखालचं निळं गोंदण उघडं पडलं होतं.

मॅडमचा चष्मा गाडीत राहिला होता. "काय लिहिलंय? वाच. मोठ्याने."

"जेवलीस का?"

रांगेत कुणीतरी नाकातून हसलं. वरिष्ठांना असा प्रश्न, तोही एकेरीत आणि सावधान उभं राहून, त्या ठाण्यात आजवर कुणी विचारला नव्हता. मॅडमचा चेहरा हलला नाही.

"अक्षर कुणाचं?"

"आईचं, मॅडम. डब्याच्या झाकणाला आतून चिठ्ठी चिकटवायची ती. रोज."

"आतून? म्हणजे डबा उघडल्यावरच दिसणार. जेवायला बसलेल्या मुलीला विचारायचं, जेवलीस का?"

"मीही तिला तेच म्हणायचे. ऐकायचीच नाही." शिपायाने मनगटाकडे पाहिलं. "आता हात थरथरतो तिचा. डबा करते, पण लिहिता येत नाही."

मोठे कारकून फाइल घेऊन पुढे आले. त्यांच्या माघारी सगळे त्यांना 'खुलासा' म्हणत. रजा मागितली की खुलासा, पेन हरवलं की खुलासा. शिंक आली तरी हा माणूस लेखी मागेल, अशी ठाण्याची खात्री होती. त्यांनी परिपत्रक वाचलं. वर्दीबाहेर दिसणारं गोंदण पंधरा दिवसांत काढून टाकावं. पट्टा, पट्टी किंवा पावडर लावून झाकू नये. न काढल्यास रस्त्यावरची ड्युटी बंद करून भांडारात बसवावं.

चौकातली ड्युटी शिपायाला मनापासून आवडायची. आणि आईचं अक्षर आता या एका मनगटावरच उरलं होतं. चिठ्ठ्या तेलकट होऊन केव्हाच कचऱ्यात गेल्या होत्या.

"हे बघ," मॅडम म्हणाल्या, "वर्दीतल्या माणसाच्या अंगावर सरकारने लिहिलेलंच दिसावं. आज तुझ्या हातावर आई, उद्या दुसऱ्याच्या मानेवर कवटी. लोकांनी काय समजायचं?"

"लोक उत्तर देतात, मॅडम."

"म्हणजे?"

"पट्टा लावायच्या आधीची गोष्ट. गाडी अडवली की एखादी बाई तावातावाने उतरते. कागद हातात देताना हे वाचते, आणि म्हणते, नाही हो, सकाळपासून उपाशीच आहे. मग भांडण तिथंच बारगळतं."

रांगेत पुन्हा कुणीतरी हसलं. मॅडमनी तिकडे नुसतं पाहिलं आणि ते हसू जागीच विरलं.

"आधी पडताळणी करून घेतो," खुलासा म्हणाले. त्यांनी तिचं सेवापुस्तक उघडलं, नाव वाचलं, जन्मतारीख वाचली. "ओळखीची खूण. डाव्या मनगटावर आतल्या बाजूला काळा तीळ. दाखवा तीळ."

तिने बोट ठेवलं. प्रश्नचिन्हाखालचं टिंब. सगळं गोंदण निळं होतं, टिंब तेवढं काळं. गोंदणाऱ्याला तिथं आयतं टिंब सापडलं होतं आणि त्याने तेवढी शाई वाचवली होती.

खुलासा वाकले. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी पाहिलं, मग नाकावर आणून पाहिलं.

"गोंदण काढलं तर तीळ राहील?"

"असा नियम येणार असं दोन महिन्यांपूर्वी ऐकलं, तेव्हाच विचारून आले मी. डॉक्टर म्हणाले, प्रश्नचिन्हाबरोबर तोही जाईल."

"मग पंचाईत आहे." खुलासांनी सेवापुस्तक मिटून छातीशी धरलं. "मॅडम, गोंदण काढा असं परिपत्रक आहे. पण ओळखीची खूण पुसून टाका असं कुठंही म्हटलेलं नाही. तीळ गेला, तर पुस्तकातली शिपाई आणि ही शिपाई एकच, हे कशावरून? यात वरून खुलासा मागवावा लागेल."

त्या शब्दाने ठाण्यात कुणाला आनंद व्हायची ही पहिलीच वेळ.

"किती दिवसांत येईल?" मॅडमनी विचारलं.

"आधी एक मागवलाय, मॅडम. सहा वर्षं झाली. तो आला की याचं बघतील."

मॅडमनी त्यांना निरखून पाहिलं. माणूस बिलंदर आहे की खरंच इतका सरळ, याचा काही थांग लागेना. शेवटी त्यांनी फाइल घेतली, डोळ्यांपासून हातभर लांब धरली आणि लिहिलं, 'खुलासा येईपर्यंत जैसे थे.'

"आणि पट्टा, मॅडम?" शिपायाने भीतभीत विचारलं.

"झाकू नये, असं आत्ता वाचलं ना त्यांनी?"

रांग मोडली. खुलासा फाइल बगलेत मारून आत गेले, त्यांच्या मागोमाग कुणीतरी चहा घेऊन धावलं. शिपाई अंगणात उभी राहून उघड्या मनगटाकडे पाहत होती. तिला इतकं हलकं वाटत होतं की डबा खायचंही सुचत नव्हतं.

गाडीपाशी चालकाने दार उघडून धरलं होतं. मॅडमनी एक पाय आत ठेवला, मग काढून घेतला आणि त्या परत अंगणात आल्या. शिपाई टाचा जुळवून ताठ झाली.

"नाही," मॅडम हळूच म्हणाल्या.

"काय, मॅडम?"

"मघाशी विचारलंस ना? नाही जेवले अजून."