शून्य मीटर

दुसरी फळीही मोडली. चाकाखाली घातलेली ती जाड प्लास्टिकची फळी कडकन दुभंगली आणि पिकअप आणखी वीतभर वाळूत बसली.

"तीन टन पेलते म्हणे!" गाडीच्या अरब मालकाने, हम्मादने, तुकडा उचलून भिरकावला. "दुकानदाराच्या बापाला पेललं असेल तिने."

महादू हसला नाही. सकाळपासून एकेक वस्तू दगा देत होती. निघतानाच ताडपत्रीचा हूक तुटला. मग कॉम्प्रेसरचा पाइप फुटला, जॅक तिरका होऊन वाकला, सॅटेलाइट फोन तर सुरूच होईना. सगळा माल नवा कोरा, खास शिकारीसाठी घेतलेला. शिकारीचा परवाना असलेल्या या कुंपणातल्या जमिनीवर राखणदाराची गाडी दुपारी चारला यायची. तोवर ना पुढे ना मागे.

पण महादूला गाडीची फिकीर नव्हती. त्याचा जीव अडकला होता हम्मादच्या हातातल्या यंत्रात.

हम्मादच्या शिकारी ससाण्याच्या पाठीवर बोटाच्या पेराएवढा ट्रान्समीटर होता. पक्षी किती मीटर दूर आहे, ते हातातलं यंत्र सांगायचं. गेल्या शिकारीत ससाणा कुंपणावर आदळला आणि ट्रान्समीटरचं कवच फुटलं. महादू काम करायचा त्या मुसफ्फाच्या वर्कशॉपमध्ये हम्मादने तो आणून महादूच्या हातावर ठेवला होता. "नवा घेणार नाही. हा जोडून दे. बघू तरी."

'बघू'चा अर्थ महादूला पक्का ठाऊक होता. खलिफा सिटीत हम्मादच्या व्हिलामागे ससाण्यांचं घर होतं. त्यांचं सामान सांभाळायला एक माणूस हवा होता. राहायला दोन खोल्या, बायको-मुलीचा व्हिसा. नोकरीच्या पत्रावर हम्मादची सही झालेली होती, फक्त नावाची जागा कोरी. ते आत्ता गाडीच्या खणात होतं. "शिकार नीट झाली की नाव घालू, इन्शाल्ला," असं तो सकाळी म्हणाला होता.

नऊ वर्षं महादू लेबर कॅम्पच्या खोलीत आठ जणांत झोपत होता. गुहागरला बायकोने, नर्मदाने, मुलीच्या, मनालीच्या शाळेत शाळा सोडल्याच्या दाखल्यासाठी अर्जही देऊन टाकला होता. "नाव घातलं की लगेच फोन करा हां," काल तिने तीनदा बजावलं होतं.

चार संध्याकाळी खपून महादूने तो ट्रान्समीटर जोडला होता. आतून केसासारखी पितळी तार फिरवली, तड्यात रेझिन भरलं आणि सांधा नखालाही लागू नये इतका घासला. शेजारच्या बाकावरचा खैरुद्दीन थट्टेने म्हणाला होता, "उस्ताद, दागिना घडवताय का?"

आणि त्याच दागिन्याने आज घात केला होता.

सकाळी हुबारा पक्ष्याच्या मागे ससाणा टेकडीपलीकडे गेला. त्याच्यामागे गाडी घातली, ती इथे रुतली. यंत्र तेव्हा आठशे मीटर दाखवत होतं, मग पाचशे. दोघं पुढच्या चाकाखाली आडवे पडून वाळू उपसू लागले. वारा सुटला होता, मागची ताडपत्री फडफडत होती, ससाण्याच्या तालमीसाठी आणलेली कबुतरं खुराड्यात ओरडत होती. हात झटकून हम्मादने यंत्र पाहिलं तर आकडा शून्य.

तासाभराने पाहिलं तरी शून्यच.

हम्मादने यंत्रावर थापा मारल्या, टेकडीवर चढून आभाळ शोधलं, शिट्ट्या घातल्या आणि घामाघूम होऊन परत आला. "मशीन मेली," तो म्हणाला. "हा पक्षी मी हाताने भरवून वाढवलाय, महादू."

त्याने आरडाओरडा केला असता तर महादूला बरं वाटलं असतं.

"खरं सांग. तो सांधा तूच जोडलास ना?"

समोर वाळू, मागे वाळू, आणि खणात ते पत्र. नर्मदाने अर्ज देऊन टाकला होता.

"नाही अरबाब. मी दुसऱ्या कामात होतो. खैरुद्दीनने जोडला."

बोलून गेल्यावर त्याला स्वतःची लाज वाटली. मागच्या उन्हाळ्यात तो तापाने फणफणला होता, तेव्हा याच खैरुद्दीनने रात्रभर कपाळावर पट्ट्या ठेवल्या होत्या. पण त्या बिचाऱ्याचं काय जाणार आहे, त्याने मनाला समजावलं. त्याला कुठे हे पत्र हवंय?

हम्मादने यंत्र सीटवर टाकलं. "खलास," तो म्हणाला. मग म्हणाला, "कबुतरांना पाणी तरी दाखव."

महादूने बाटली घेतली आणि मागे जाऊन ताडपत्रीचं सुटलेलं टोक वर केलं.

खुराड्याची जाळीही फाटली होती. पिसांच्या पसाऱ्यात, अर्ध्या खाल्लेल्या कबुतरावर पाय रोवून ससाणा बसला होता. गळ्याची पोटली टम्म फुगलेली. त्याने महादूकडे मान वळवून शांतपणे पाहिलं.

"अरबाब!"

हम्माद धावत आला. आधी हसला, मग त्याचे डोळे भरून आले. ससाण्याला हातावर घेऊन त्याने पाठीवरचा ट्रान्समीटर उलटसुलट केला, सांध्यावरून नख फिरवलं. नख कुठेच अडलं नाही.

"आज सगळं मोडलं," तो म्हणाला. "एवढं एकच खरं बोलत होतं. शून्य मीटर! आणि आपण त्यालाच खोटं ठरवलं."

महादूने तोंड उघडलं. "अरबाब, ते..."

"तुझंही कौतुक आहे. दुसरा असता तर आता म्हणाला असता, मीच जोडला." हम्मादने खणातून पत्र काढलं, बॉनेटवर पसरलं आणि दातांनी पेनचं टोपण ओढलं.

"यल्ला, महादू. खैरुद्दीनचं पूर्ण नाव सांग."