ओठ मिटणारा शब्द

‘रखेल’ काही केल्या बसेना.

लॅपटॉपवर इंग्लंडचा राजा आठवा हेन्री ‘मिस्ट्रेस’ म्हणत होता आणि शब्द सुरू करताना त्याचे ओठ मिटत होते. डबिंगचं हेच तर दुखणं. पडद्यावर ओठ मिटले की मराठीतही मिटायला हवेत. प, ब, म, असलं काहीतरी हवं. ‘रखेल’ म्हणताना ओठ मिटत नाहीत. ‘ठेवलेली’ म्हणतानाही नाहीत. सुचेताने दोन्ही शब्द लिहिले आणि दोन्ही खोडले. संध्याकाळपर्यंत भाग लिहून पाठवायचा होता. एरवी ती प्रत्येक वाक्य मोठ्याने म्हणून बघायची. आज तिची जीभ रेटेना. भाईंदरच्या त्या वन रूम किचनमध्ये कुजबुजलेलंही आतपर्यंत ऐकू जातं, आणि आत आई मेथी निवडत बसली होती.

हे दोन्ही शब्द सुचेता लहानपणीच शिकली होती, आईबद्दल ऐकून. तिचे बाबा, काशीनाथ, शनिवारी संध्याकाळी यायचे आणि रविवारी रात्री गिरगावला, बायको-मुलाकडे परत जायचे. जन्मभर हेच. गेल्या वर्षी ते तिकडेच वारले. ह्या दोघींना कळलं तोवर सगळं उरकलंही होतं.

उद्या त्यांचं वर्षश्राद्ध. आणि दोन दिवसांपूर्वी, उभ्या आयुष्यात पहिल्यांदा, त्यांच्या मुलाचा, नीलेशचा सुचेताला फोन आला होता. “तू ये बाबांच्या श्राद्धाला. बाबांचीच मुलगी आहेस, आमच्या पंगतीला बस. फक्त... तुझ्या आईंना आणू नकोस.”

सुचेता “बरं” म्हणाली होती. किती पटकन म्हणाली! चाळिशी उलटलेली बाई. पण त्या घरातून कुणीतरी आपल्याला बोलवावं, म्हणून ती शाळेत असल्यापासून वाट बघत होती. आईला तिने थाप मारली, उद्या दिवसभर रेकॉर्डिंग आहे. इस्त्री केलेली साडी खुंटीवर लटकत होती. रेकॉर्डिंगला साडी कशाला, हे आईने विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं, असं सुचेताला सारखं वाटत होतं.

खालून, चौक गावाहून येणारी मासळीवाली फ्लोरिन ओरडली, “मावशे, बोंबील हाय ताजे!”

“आज नको गं, परवा ये,” आई खिडकीतून म्हणाली आणि पुन्हा मेथीपाशी येऊन बसली. “तू गप्प का झालीस? काय म्हणतोय तुझा राजा?”

आता टाळता येईना. सुचेताने सांगितलं. राणीला मुलगा होत नव्हता. दुसऱ्या एका बाईपासून राजाला मुलगा झाला. तो आपलाच, असं राजाने कबूल केलं. पोर सहा वर्षांचं असताना त्याला दरबारात आणून मोठा सरदार केलं. आडनावसुद्धा असं दिलं की त्याचा अर्थच ‘राजाचा मुलगा’.

“भलं झालं की पोराचं.”

“आणि आईचं? तिचं दुसऱ्याशी लग्न लावून दिलं, लांब कुठेतरी. मुलगा दरबारात चालला, आई नाही चालली!” सुचेताचा आवाज चढला. ती हेन्रीवर चिडली होती, की नीलेशवर, की स्वतःवर, कोण जाणे.

“मग ती काय म्हणाली?”

“कोण?”

“पोराची आई गं.”

सुचेताने स्क्रिप्ट वरखाली करून पाहिलं. “काही नाही. तिला ह्यात डायलॉगच नाहीत.”

“हं. म्हणजे तिला कुणी विचारलंच नाही.” आईने काड्या बाजूला सारल्या. “तुझं अडलंय कुठे पण?”

“राजा तिला काय म्हणतो, तिथे.”

आई हसली. चक्क हसली. “तो शब्द होय? चाळीत मेले ओरडून म्हणायचे, तेव्हा कुणाचं अडत नव्हतं.”

“आई, प्लीज. ओठ मिटायला हवेत. ‘म’ने सुरू होणारा हवा.”

“मग ‘माणूस’ म्हण. तुझ्या बाबांना इथे असताना ताप भरला होता. डॉक्टरांनी विचारलं, ह्या कोण तुमच्या? तर म्हणाले, माझं माणूस.” एवढं बोलून ती मेथी धुवायला उठली.

सुचेताने प्रसंग मागे नेला. राजाने तोंड उघडलं तशी तीही मोठ्याने म्हणाली. माणूस. ओठ बरोबर मिटले. आणि तिला रडू फुटलं.

आत नळ सुरू होता. ती फोन घेऊन बाहेर जिन्यात गेली.

“नीलेश, मी उद्या येत नाही. माझी आई तुम्हाला चालत नसेल तर मीही चालायला नको. मी त्या दिवशी ‘बरं’ म्हणाले, त्याची मला लाज वाटतेय.”



“अगं, आम्ही कुठे नको म्हटलं?” नीलेश म्हणाला. “मला फोन तुझ्या आईंनीच केला होता. पोरीला बोलव, म्हणाल्या. मी म्हटलं, तुम्हीपण या. आमच्या आईचीसुद्धा ना नव्हती. पण त्या ऐकेनात. ‘आईंना आणू नकोस’ असं तुला म्हणायचं, हेही त्यांनीच सांगितलं. तुला कळू द्यायचं नाही, असं माझ्याकडून कबूल करून घेतलं.”

“का पण? काय म्हणाली ती?”

“म्हणाल्या, मी आले तर ती माझ्या शेजारी बसेल. एकटी आली, तर तुमच्यात बसेल.”